ढगाला पावडर लावू नका

शुक्रवारची दुपार. एसी फुल्ल. तीन मोठे पडदे, समोर खोट्या कॉकपिटमध्ये खरी खुर्ची आणि त्या खुर्चीत एक निवृत्त कॅप्टन. पस्तीस वर्षं विमान चालवलेला माणूस. आम्ही (म्हणजे मी आणि टीममधली चार पोरं) मागे हाताची घडी घालून उभे. सात महिने आम्ही वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरसाठी ढग बनवत होतो आणि आज त्या ढगांची पहिली परीक्षा होती. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. चूक माझी होती.

'वा, काय दिसतंय!' वगैरे ऐकायला आम्ही कान टवकारून बसलेलो. कॅप्टन पाचेक मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग समोरच्या एका अवाढव्य ढगाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"सर, क्युम्युलोनिम्बस. आपल्याकडे मे महिन्यात वळीव यायच्या आधी चढतात ना, तसला वादळी ढग."

"असं? याच्यातून मी चहा पीत विमान नेईन." मग डावीकडच्या एका चिमुकल्या, गरीब ढगाकडे बघून म्हणाले, "आणि याला मात्र लांबून वळसा घालीन. बुड बघा केवढं काळं केलंय त्याचं!"

आमच्यातल्या एकाने क्षीण आवाजात, "पण सर, विमानात रडार असतंच की," असा बचाव केला. कॅप्टन वळले आणि शांतपणे म्हणाले, "रडार असतं. आणि खिडकीपण असते."

त्या दिवसापासून मी या विषयावर जरा चिडका झालो आहे. बायको म्हणते, जेवताना ढग नकोत. तेव्हा ही सगळी चिडचिड इथे, तुमच्या माथी.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आजकाल कॉम्प्युटरवर जे 'रिअलिस्टिक' ढग दिसतात, त्यातले निम्म्याहून अधिक ढग आभाळाकडे बघून केलेलेच नाहीत. ते दुसऱ्या कुणाच्या तरी ढगाकडे बघून केलेले आहेत. त्याने तिसऱ्याच्या. कॉलेजात जर्नल उतरवून काढायचो तसं. आणि उतरवताना चुका फक्त टिकत नाहीत, वाढतात.

आता थोडं तंत्र. घाबरू नका, समीकरण एकच आहे आणि तेही शब्दांत सांगतो.

खुर्चीला, गाडीला, माणसाच्या चेहऱ्याला पृष्ठभाग असतो. ढगाला कातडीच नसते. त्यामुळे ढग रंगवताना पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण ढगात सोडायचा, पावलापावलाने पुढे न्यायचा आणि दर पावलाला दोन प्रश्न विचारायचे: इथे ढग किती दाट आहे? आणि इथवर ऊन किती पोचतं? पहिल्याचं उत्तर 'नॉइज' देतो, म्हणजे गणिताने तयार केलेला शिस्तीतला गोंधळ. केन पर्लिनने १९८५ साली मांडलेला आणि स्टीव्हन वर्लीने १९९६ साली मांडलेला, हे दोन नॉइज आजही जगभरच्या ढगांचा कच्चा माल आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी त्या जागेवरून सूर्याच्या दिशेने पुन्हा चार-सहा पावलं टाकायची.

हिशेब करा. फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल. प्रत्येकी ६४ पावलं. प्रत्येक पावलावर सूर्याकडे आणखी ६. नुसती सूर्याकडची पावलंच झाली ८० कोटींच्या घरात, फक्त एका चित्रासाठी. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्राला अख्खे मिळून १६.६ मिलिसेकंद. त्यात डोंगर, झाडं, माणसं, सगळं आलं. म्हणजे ढगाच्या वाट्याला उरलंसुरलं.

म्हणून २०१५ साली सिग्राफ परिषदेत ॲम्स्टरडॅमच्या गरिला गेम्समधल्या अँड्र्यू श्नायडर यांनी 'होरायझन झीरो डॉन'साठी केलेले ढग दाखवले, तेव्हा आमच्या धंद्यातल्या लोकांचे डोळे विस्फारले. (गेम बाजारात आला २०१७ साली.) पर्लिन आणि वर्लीचं मिश्रण १२८ × १२८ × १२८ च्या एका ठोकळ्यात भरून ठेवलेलं, कडा कुरतडायला दुसरा ३२ × ३२ × ३२ चा छोटा ठोकळा, आणि दर चित्रात फक्त सोळाव्या हिश्शाचे पिक्सेल नव्याने काढून बाकीचे आधीच्या चित्रांतून उचलायचे. प्लेस्टेशन ४ सारख्या यंत्रावर हे सगळं दोनेक मिलिसेकंदांत बसवलं होतं. त्या कामापुढे मी आजही टोपी काढतो. माझी तक्रार त्यांच्याबद्दल मुळीच नाही. तक्रार आहे ती त्यांची पाककृती घेऊन, मीठ कशासाठी घातलं हे न वाचता, प्रत्येक पदार्थात मीठ ओतणाऱ्या आपल्याबद्दल.

हे मीठ म्हणजे 'पावडर'.

पिठीसाखरेचा ढीग नीट पाहा. उंचवट्यांच्या कडा किंचित काळसर वाटतात आणि खाचांमध्ये जास्त उजेड दिसतो. ढगातही हे घडतं, कारण आत शिरलेलं ऊन आजूबाजूच्या थेंबांवरून उड्या मारत खाचेत गोळा होतं, कडेला मात्र ते गोळा व्हायला पुरेसे थेंबच नसतात. श्नायडर यांनी या परिणामासाठी एक छोटंसं, स्वस्त सूत्र वापरलं. पण हा परिणाम तुम्ही सूर्याकडे पाठ करून ढगाकडे बघत असाल तेव्हा ठळक दिसतो, आणि सूत्र लावताना पाहण्याची दिशा विचारात घ्या, हेही त्यांनी तिथेच सांगितलं होतं.

मग काय झालं? सूत्र एका ओळीचं, दिशेची भानगड आणखी दोन-तीन ओळींची. लोकांनी एक ओळ उचलली. त्यांच्यावरून दुसऱ्यांनी उचलली. आता सूर्य समोर असो, मागे असो, डोक्यावर असो, ढगाच्या सगळ्या कडा काळपट. सूर्य ढगाच्या मागे असतो तेव्हा ढगाची कड पेटल्यासारखी चकाकते, ती चंदेरी किनार लहान पोरसुद्धा चित्रात काढतं. थेंब उजेडाला मुख्यतः पुढच्याच दिशेने ढकलतात म्हणून ती दिसते. नेमकी तीच किनार ही पावडर खाऊन टाकते. मग ती परत आणायला कुणीतरी वेगळा 'सिल्व्हर लायनिंग'चा स्लायडर बसवतो. म्हणजे आधी पाय मोडायचा आणि मग कुबडी विकायची!

आमच्या ढगांत हे सगळं होतं. शिवाय आमची स्वतःची एक भर होती: 'बेस डार्कनेस' नावाचा स्लायडर. ढगाचं बुड किती काळं हवं ते डिझायनरने ठरवायचं. छोट्या ढगांना उठाव यावा म्हणून त्याने ते काळं केलं. मोठा ढग पडद्यावर फारच अंगावर येतो म्हणून त्याचं बुड उजळलं. चित्र म्हणून दोन्ही निर्णय चुकीचे नव्हते. कॅप्टनच्या खुर्चीतून मात्र ते एकदम उलटे होते.

का, ते सांगतो. इथे मलाही वयाच्या पस्तिशीपर्यंत चुकीचं माहीत होतं, त्यामुळे तुम्हाला माहीत नसेल तर लाजू नका. काळा ढग काळा का असतो? 'त्यात पाणी जास्त असतं, ते ऊन शोषून घेतं' हे आपलं ठरलेलं उत्तर. तर नाही. ढगातला थेंब साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा थोडा मोठा असतो, आणि डोळ्यांना दिसणारा उजेड तो जवळजवळ अजिबात शोषत नाही. खडीसाखर काचेसारखी असते, तीच कुटून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र दिसते. ढगाचंही तेच: थेंब पारदर्शक, ढग पांढरा. जाड ढगाचं बुड काळं दिसतं, कारण उजेड उड्या मारत मारत वरच्या बाजूनेच परत बाहेर पडलेला असतो. म्हणूनच विमानातून पाहिलं तर तोच ढग वरून डोळे दिपवतो.

आता ते एकमेव समीकरण. बिअरचा नियम असं सांगतो, की ढगातून सरळ जाणारा उजेड जाडीबरोबर झपाट्याने कमी होत जातो. दाट ढगात उजेड साधारण वीस मीटर गेला की एका थेंबावर आपटतो असं धरू. एक किलोमीटर जाडीच्या ढगात झाल्या ५० टकरा. बिअरच्या हिशेबाने खाली पोचणारा उजेड किती? दशांशचिन्ह, मग २१ शून्यं, मग कुठे पहिला आकडा. म्हणजे मिट्ट काळोख. भर दुपारी बारा वाजता.

पण किलोमीटरभर जाड ढगाखाली आपण बॅटरी घेऊन फिरतो का? नाही. कारण बिअर फक्त न धडकलेला उजेड मोजतो. धडकलेला उजेड संपत नाही, थोडा वळतो आणि पुढे जातो. तो धरून साधा हिशेब केला, तर त्या ढगातून १५ टक्क्यांच्या आसपास उजेड खाली येतो. आणि वळवाचा दहा किलोमीटर जाडीचा ढग असेल तर? दीड-दोन टक्के. (आपल्याकडे या ढगांचे माथे १५ किलोमीटरच्याही वर जातात.) छोट्या ढगाची जाडी दोन-तीनशे मीटर, त्यातून बराच उजेड आरपार.

कॅप्टन नेमकं हेच वाचत होते. सूर्य कुठे आहे, मागे आभाळ केवढं उजळ आहे, यानेही फरक पडतो हे खरं; पण त्या काळेपणात ढगाची जाडी लिहिलेली असते. काळेपणा म्हणजे आकडा. आम्ही त्या आकड्याला सजावट समजून स्लायडरवर ठेवला. उद्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी कुणी नाडी 'जरा उठावदार' करून दिली तर चालेल का?

गंमत म्हणजे आपल्या भाषेला हे कधीपासून कळतंय. आभाळ भरून येतं, गच्च होतं, मळभ येतं, झाकोळून येतं, अंधारून येतं. एकेक शब्द म्हणजे उजेडाचं वेगळं माप. एकदा ढगांचे दहा-बारा नामांकित डेमो पाहिले. सगळीकडे संध्याकाळ, सगळीकडे केशरी प्रकाश, सगळीकडे सुटे सुटे कापसाचे पुंजके. मळभ एकातही नाही! कारण मळभ दाखवून लाइक्स मिळत नाहीत आणि मळभाला उजेडाचा हिशेब बरोबर लागतो, तिथे नॉइजची नक्षी उपयोगी पडत नाही.

आता तुमचे आक्षेप. (मला ते पाठ आहेत, ऑफिसात रोज ऐकतो.)

पहिला: गेम खेळणाऱ्याला काय फरक पडतो? तो ड्रॅगन मारायला आलाय. मान्य. तुमचं जग कल्पनेतलं असेल तर ढग जांभळे करा, चौकोनी करा. मी टाळ्या वाजवीन. फक्त त्याला 'रिअलिस्टिक' म्हणू नका. आणि वैमानिकाला शिकवणाऱ्या पडद्यावर तर मुळीच नको.

दुसरा: ग्राफिक्स म्हणजे शेवटी फसवणूकच की! हो, आणि मी त्याच फसवणुकीवर घराचे हप्ते भरतो. पण फसवणुकीतही दोन प्रकार असतात. एकात आपण काय गाळलं ते आपल्याला ठाऊक असतं. दुसऱ्यात आपण काय गाळलं हेच आपल्याला माहीत नसतं. पहिली इंजिनिअरिंग आहे. दुसरीला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तिसरा, सगळ्यात आवडता: तेवढं मशीन कुठे आहे? उजेडाच्या सगळ्या उड्या मोजायला एका चित्राला तासन्‌तास लागतात. अगदी बरोबर. पण मधला रस्ता कधीच सापडला आहे. २०१३ साली 'ऑझ द ग्रेट अँड पॉवरफुल' या चित्रपटाच्या वेळी सोनी पिक्चर्स इमेजवर्क्समधल्या लोकांनी एक युक्ती काढली. उजेडाचा हिशेब एकदा नेहमीसारखा करायचा. मग ढग निम्मा दाट आहे आणि उजेड कमी एकमार्गी आहे असं समजून पुन्हा करायचा, त्याचं वजन निम्मं. मग पुन्हा एकदा. सगळं बेरजेत. २०१६ साली सेबॅस्टियन हिलेअर यांनी फ्रॉस्टबाइट इंजिनात ती गेम्ससाठी वापरली. सूर्याकडची पावलं तीच राहतात, वर चार गुणाकार-बेरजा वाढतात, बस. हीसुद्धा फसवणूकच आहे, आकडे तंतोतंत येत नाहीत. पण ढग जाड झाला की आपोआप काळा होतो, पातळ झाला की आपोआप उजळतो, आणि सूर्य मागे गेला की कड आपोआप पेटते. स्लायडरला विचारावं लागत नाही.

आणि आता नवीन पाहुणे: एआय. परवाच टीममधल्या एका पोराने कोड लिहून देणाऱ्या मदतनिसाला ढगाचा शेडर मागितला. दहा सेकंदांत आला. सुबक, टिपणांसकट. आणि त्यात? पावडर! दिशेच्या ओळी गायब. बिचाऱ्याचा काय दोष, त्याने आपलीच जर्नलं वाचली आहेत. उलट २०१७ साली डिस्नेच्या संशोधकांनीही ढगांसाठी न्यूरल नेटवर्क वापरलं होतं. पण त्याला शिकवलं ते उजेडाच्या उड्या प्रामाणिकपणे मोजून काढलेल्या ढगांवरून. शिकणारं यंत्र असो की माणूस, त्याच्यासमोर काय ठेवता यावर सगळं आहे.

मग आम्ही काय केलं? आधी दोन दिवस रुसून बसलो. मग मे महिना होताच, तर रोज दुपारी साडेतीन-चारला सगळे ऑफिसच्या गच्चीवर. सिंहगडाच्या बाजूने ढग चढताना दिसायचे. फोनचं ऑटो एक्सपोजर बंद करून (हे महत्त्वाचं, नाहीतर फोनही पावडर लावतो :) ) दर दोन मिनिटांनी एक फोटो. वर काय चाललंय बघायला आलेल्या एचआरच्या बाईंनाही आम्ही एका ढगाची जाडी ओळखायला लावली. खाली येऊन पावडर काढली, बेरजेची युक्ती घातली, आणि त्याच जागी उभं राहून पाहिल्यासारखा ढग पडद्यावर काढला. पहिल्या दिवशी फोटो आणि पडदा शेजारी ठेवले तेव्हा लाज वाटली. तिसऱ्या आठवड्यात थोडी कमी वाटली.

कॅप्टन पुन्हा आले. तेच पडदे, तीच खुर्ची. मोठ्या ढगासमोर आल्यावर त्यांनी काही न बोलता विमान उजवीकडे घेतलं. आमच्यातल्या कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, पण माझ्या शेजारच्या पोराने माझा दंड इतका जोरात दाबला की दोन दिवस दुखत होता. उतरताना कॅप्टन म्हणाले, "वरचा माथा अजून खोटा आहे. तिथे पाणी नसतं, बर्फ असतं." झालं, पुढच्या सहा महिन्यांचं काम!

आणि तो 'बेस डार्कनेस'चा स्लायडर? अजून आहे. सेल्सच्या लोकांनी काढू दिला नाही, म्हणाले डेमोला उठाव लागतो. आता तो शून्यावर असतो आणि मी दर सोमवारी सकाळी जाऊन तो शून्यावरच आहे ना, ते बघतो. गेल्या सोमवारी तो ०.४ वर होता.

असो. चहा गार झाला. बाहेर मळभ आलंय, जरा गच्चीवर जाऊन येतो. तुम्हीही या.